वेडाचा दाखला

खुनाच्या खटल्यात आरोपीच्या वतीने मनोविकाराचा बचाव मांडला गेला, अशी बातमी सकाळच्या वर्तमानपत्रात आली की सुजाण वाचकाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की गडी वेड घेऊन पेडगावला निघाला; आणि ज्या मनोविकारतज्ज्ञाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्या बचावाला पुष्टी दिली असेल, त्याच्याकडे तो वाचक भाडोत्री साक्षीदाराकडे पाहावे तशा नजरेने पाहू लागतो. हा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण पैशापुढे मान तुकवणारे शास्त्री पूर्वीही होते आणि आजही आहेत. परंतु या तज्ज्ञाला आपली न्यायव्यवस्था खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर बोलावते, त्याला नेमके काय विचारते आणि उत्तर शोधण्यासाठी कोणती साधने त्याच्या हाती देते, याची चौकशी न करता त्याच्या सचोटीबद्दल शंका घेत बसणे हे, घर जळून कित्येक महिने लोटल्यावर पंचनाम्यास बोलावलेल्या पंचाला, ठिणगी कोणत्या कोपऱ्यात पडली ते राखेवरून सांग, असे दटावण्यासारखे आहे. दोष त्याच्या शास्त्रात थोडा आणि आपल्या शिरस्त्यात फार, असे माझे मत आहे.

प्रथम प्रश्नच पाहू. १८४३ च्या जानेवारीत लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या, लाकूड कातण्याचा धंदा करणाऱ्या एका स्कॉटिश कारागिराने पंतप्रधान पील यांचे खासगी चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांना पाठीमागून गोळी घातली. टोरी पक्षाचे लोक आपला जागोजाग पाठलाग करीत आहेत, या भ्रमाने त्याला पछाडले होते. वैद्यकीय साक्षीदारांनी एकमुखाने त्याला भ्रमिष्ट ठरवले, आणि त्यांतील फोर्ब्स विन्स्लो हे गृहस्थ तर असे होते की त्यांनी आरोपीला एकदाही तपासलेले नव्हते, केवळ न्यायालयात बसून त्याच्याकडे पाहिले होते! ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले, व्हिक्टोरिया राणीचा संताप झाला, आणि उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना प्रश्न घालून जी उत्तरे मिळवली, ती मॅक्नॉटन नियम या नावाने इंग्रजी अमलाखालील निम्म्या जगाच्या फौजदारी कायद्यात पसरली. आपल्या १८६० च्या दंडसंहितेचे कलम ८४ त्याच वळणाचे होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये ते जवळजवळ जसेच्या तसे उतरले आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे जो मनुष्य आपल्या कृत्याचे स्वरूप जाणण्यास, अथवा आपण करतो ते गैर किंवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ असेल, त्याचे ते कृत्य अपराध ठरत नाही, हा त्याचा आशय.

या वाक्यातील सर्व भार ‘करतेवेळी’ या शब्दावर आहे. रोगी किती वर्षांपासून आजारी आहे, त्याला कोणत्या औषधाने उतार पडतो, आजार उलटण्याचा संभव किती, या प्रश्नांची उत्तरे देण्यास मनोविकारशास्त्र समर्थ आहे. परंतु अमुक तारखेच्या दुपारी, हातात कोयता असताना, त्या माणसाला आपण गैर करतो आहोत हे कळत होते की नव्हते, हा प्रश्न त्या शास्त्राने स्वतःला कधी विचारलेला नाही. तो कायद्याने विचारलेला प्रश्न आहे. म्हणूनच वैद्यकाच्या दृष्टीने वेडा असलेला प्रत्येक मनुष्य कायद्याच्या दृष्टीने वेडा नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाला अनेक निकालांत बजावावे लागले. आणि म्हणूनच १९६४ साली, गुजरातेतून आलेल्या एका अपिलात, त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की ही मनोविकलता शाबीत करण्याचा बोजा आरोपीवर असला तरी तो दिवाणी दाव्यातील पक्षकाराच्या बोजाइतकाच असतो, संभवाचे पारडे त्याच्या बाजूला झुकले की पुरे. हे दुसरे वचन वकिलांच्या जितके ध्यानात राहते तितके वर्तमानपत्रांच्या राहत नाही.

मुंबईकरांना या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे रमण राघव. १९६५-६६ मध्ये व पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि उघड्यावर निजलेल्या गोरगरिबांची डोकी लोखंडी पहारीसारख्या हत्याराने फोडणारा हा मनुष्य २७ ऑगस्ट १९६८ रोजी पकडला गेला, आणि पोलिसांनी त्याला यथेच्छ कोंबडी खाऊ घालीपर्यंत त्याने तोंड उघडले नाही, ही हकीकत त्या पिढीतील माणसे अजून सांगतात. त्यापेक्षा कमी सांगितली जाते ती पुढची हकीकत. १९६९ च्या जूनमध्ये सत्र न्यायालयात खटला उभा राहताच बचावाच्या वकिलाने अर्ज दिला, की आरोपी आज स्वतःचा बचाव करण्यास मनाने असमर्थ आहे आणि कृत्य करतेवेळीही तो मनोविकल होता. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि ते एकमेकांत मिसळण्याची चूक आपल्याकडे शिकलेली माणसेही करतात: पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले तर खटला केवळ थांबतो, दुसऱ्याचे आले तर शिक्षाच टळते. आरोपीला पोलीस सर्जनकडे निरीक्षणासाठी धाडण्यात आले. त्यांनी तीनेक आठवडे पाहून कळवले, की याची स्मृती शाबूत आहे, बुद्धी साधारण आहे, आणि आपण काय करतो ते याला समजते. खटला चालला, आणि आरोपीने गुन्हे कबूल केले. त्याच खटल्यात नायर रुग्णालयातील एका मनोविकारतज्ज्ञाने, आर्थर रोडच्या तुरुंगात पाच वेळा त्याची भेट घेतल्यानंतर, नेमके उलट सांगितले: याला दीर्घकाळचा संशयप्रधान स्किझोफ्रेनिया आहे आणि आपले कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्याची याची शक्ती त्या रोगाने हिरावून घेतली आहे.

न्यायाधीशांनी फाशी सुनावली. आरोपीने अपील करण्यास नकार दिला. मात्र शिक्षा कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे खास मंडळ नेमण्याचा हुकूम केला. ते मंडळ त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास भेटले. जगे दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि दुसरे हे पापी, आपण त्या कानूनचे प्रतिनिधी आहोत, आणि लोक आपल्याला पुरुषाची स्त्री करू पाहतात, पण त्यांचे काही चालत नाही, अशी त्याची अढळ समजूत होती. शेवटच्या भेटीत निरोप घेताना डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केले, तेव्हा त्याने ते झिडकारले. या दुष्ट जगातील माणसांना कानूनचा प्रतिनिधी स्पर्श करीत नाही, असे त्याचे म्हणणे. मंडळाने नायरच्या डॉक्टरांचेच निदान कायम केले, फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, आणि येरवड्याच्या तुरुंगात कित्येक वर्षे काढून तो १९९५ साली ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला.

एकच मनुष्य, पोलीस सर्जनला शहाणा दिसतो आणि चार मनोविकारतज्ज्ञांना रोगी दिसतो. यावरून मनोविकारशास्त्र हा निव्वळ अंदाजपंचे कारभार आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की ज्या रोगात स्मृती व बुद्धी बहुधा शाबूतच राहतात त्या रोगाच्या अभावाचा पुरावा म्हणून स्मृती व बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला गेला, तर त्यात शास्त्राचा दोष किती? संशयप्रधान स्किझोफ्रेनियाचा रोगी हिशेब करतो, रस्ता चुकत नाही, वार केल्यावर लपतोही. बिघडलेले असते ते त्याच्या जगाचे गृहीतच, आणि ते गृहीत बाहेर काढायला त्याच्यासमोर तासन् तास बसावे लागते. अर्थात खरोखरीचे मतभेदही होतात, हे कबूल केले पाहिजे. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ माणसे मारणाऱ्या ब्रायविकला न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या दोन तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचा रोगी ठरवले आणि दुसऱ्या दोघांनी ते साफ नाकारले. गंमत अशी की तेथे सरकार पक्ष त्याला रुग्णालयात धाडा म्हणत होता आणि आरोपी आपण पूर्ण शुद्धीवर होतो असे छातीठोकपणे सांगत होता. पेडगावची वाट सगळ्यांनाच हवी असते असे नाही.

सोंग ओळखण्याचे काम हे या तज्ज्ञाच्या धंद्यातील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी दिसणारे काम होय. सोंग घेणारा आपले वेड जगाला दाखवण्यास उत्सुक असतो आणि खरा रोगी ते लपवण्यास, हा जुना ठोकताळा अद्याप उपयोगी आहे. सोंगाड्याला कानात आवाज येतात खरे, पण ते कोणाचे, एकाचे की दोघांचे, आपसांत बोलतात की याला हुकूम करतात, असे खोदून विचारू लागले की त्याची भंबेरी उडते. डॉक्टर समोर असेतो तो बडबडतो. पण अंगात उन्मादाचा आव आणून रात्र रात्र जागणे निरोगी शरीराला फार दिवस झेपत नाही, आणि पहाटेच्या तीन वाजता तो मनुष्य घोरत होता की भिंतीकडे तोंड करून कुजबुजत होता, ही रात्रपाळीच्या परिचारिकेने वॉर्डातील वहीत केलेली ओळभर नोंद कित्येकदा तज्ज्ञाच्या पाचपानी अहवालाहून मोलाची ठरते. याशिवाय फिर्याद, शेजाऱ्यांच्या जबान्या, जुने केसपेपर, औषधाच्या चिठ्ठ्या, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे अर्ज, तुरुंगाच्या दवाखान्याचे दप्तर, हे सर्व चाळावे लागते. कारण ज्या दुपारबद्दल न्यायालय विचारीत आहे ती दुपार तज्ज्ञाने पाहिलेली नसते, ती त्याला मागच्या आणि पुढच्या दिवसांवरून अनुमानाने उभी करावी लागते.

ही कागदपत्रे किती निर्णायक ठरतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९९४ साली एका पोलीस शिपायाने दिवसाढवळ्या आपल्या पत्नीच्या डोक्यात पाटा-वरवंट्याचा दगड घालून तिचा जीव घेतला. त्याने पोलिसाची नोकरी सोडू नये असे तिचे म्हणणे होते, एवढाच हेतू सरकार पक्षाला दाखवता आला. सत्र न्यायालयाने व उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याची निर्दोष मुक्तता केली. त्याच्या वडिलांनाही मनोविकार होता, घटनेच्या आधीपासून त्याच्यावर उपचार चालू होते, अटकेनंतर त्याला उपचारासाठी पुनःपुन्हा रुग्णालयात न्यावे लागले होते, आणि वार केल्यावर त्याने पळण्याचा वा लपण्याचा यत्न केला नव्हता. या सर्व गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यावर न्यायालयाला पटले. आता ज्याच्या गावी मनोविकाराचा दवाखानाच नाही, ज्याला घरच्यांनी देवऋषीकडे नेले आणि ज्याच्या आजाराची एकही चिठ्ठी कोठे शिल्लक नाही, त्या मजुराने हाच बचाव मांडला तर त्याच्या वकिलाने न्यायालयापुढे काय ठेवायचे?

तज्ज्ञाच्या नीतीचा प्रश्नही सोपा नाही. रोगी आणि वैद्य यांचे नाते विश्वासाचे असते. आरोपी कोठडीच्या एकांतातून आलेला असतो, समोरचा मनुष्य डॉक्टर आहे एवढे ऐकूनच त्याचा बांध फुटतो. आणि अशा वेळी, मी तुझा वैद्य नव्हे, मी न्यायालयाच्या वतीने आलो आहे, तू जे सांगशील ते माझ्या अहवालात येईल, हे पहिल्याच भेटीत, त्याला समजेल अशा भाषेत सांगणे हे या तज्ज्ञाचे आद्य कर्तव्य ठरते. जो उपचार करतो त्यानेच तज्ज्ञ म्हणून मत देऊ नये, हा संकेतही यातूनच निघाला. आपल्याकडे मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी एकुलता एक मनोविकारतज्ज्ञ असतो. तोच गोळ्या देतो आणि तोच साक्षीला उभा राहतो. आणि सचोटी सुटली म्हणजे काय होते ते अमेरिकेतील टेक्सस राज्यात दिसले. जेम्स ग्रिग्सन नावाचे मनोविकारतज्ज्ञ देहदंडाच्या शंभराहून अधिक खटल्यांत सरकारच्या बाजूने उभे राहिले, कित्येकदा आरोपीला न तपासताच, आणि हा मनुष्य पुन्हा खून करणारच असे खात्रीपूर्वक सांगत राहिले. अशी खात्री देण्याइतके बळ त्यांच्या शास्त्रात नव्हते. त्यांनी असेच धोकादायक ठरवलेला रँडल अ‍ॅडम्स पुढे निरपराध निघाला व १९८९ मध्ये सुटला. १९९५ साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेने ग्रिग्सन यांना काढून टाकले. आमच्या वर्तमानपत्री वाचकाला आरोपीला सोडवणाऱ्या तज्ज्ञाची जेवढी धास्ती वाटते, तेवढी फाशीकडे नेणाऱ्या तज्ज्ञाची वाटत नाही, हे मला विलक्षण वाटते.

या व्यवसायात शिरण्याची वाट लांब आहे. एम.बी.बी.एस., त्यानंतर मनोविकारशास्त्रातील तीन वर्षांचे एम.डी., आणि न्यायालयीन कामाचे खास शिक्षण हवे असल्यास बंगळूरच्या निम्हान्ससारख्या मोजक्या संस्था. देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही, त्यात या शाखेकडे वळणारा विरळाच. मृत्युपत्र, करार, घटस्फोट यांतील दिवाणी कामात तरी थोडाफार मोबदला आहे. फौजदारीत वाट्याला येते ते समन्स. बाह्यरुग्ण विभागात दीडशे माणसे ताटकळत ठेवून डॉक्टरांनी तालुका ओलांडून न्यायालयात यावे, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यातील बाकावर बसावे, दुपारी तारीख पडल्याचे ऐकावे आणि परत जावे. पुढल्या खेपेस उलटतपासणीत, मनात काय चालले होते हे तुम्हाला यंत्राने मोजता येते का, होय की नाही एवढेच सांगा, या प्रश्नाला तोंड द्यावे! होय-नाहीत न मावणारे शास्त्र होय-नाहीत सांगण्याची सक्ती झाली की सज्जन मनुष्य पुन्हा त्या वाटेला जात नाही, आणि मोकळी झालेली जागा ज्याला होय-नाही म्हणण्यात संकोच नाही तो भरून काढतो.

आणि सुटका म्हणजे तरी काय? मनोविकलतेच्या कारणावरून निर्दोष ठरलेला मनुष्य हार घालून घरी जातो, ही समजूत खोटी आहे. कृत्य त्यानेच केले असे निकालात नमूद झाले तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा हुकूम कायद्याने होऊ शकतो, आणि हा ताबा किती वर्षांचा याला अनेकदा धरबंध उरत नाही. खटला चालवण्यास अपात्र ठरलेल्यांचे हाल याहून वाईट. आसामातील माचांग लालुंग १९५१ साली पकडला गेला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात त्याची रवानगी झाली, १९६७ साली रुग्णालयाने तो बरा असल्याचे कळवले, आणि २००५ च्या जुलैमध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला: ५४ वर्षांनी, एकही खटला न चालता. डॉक्टरांचा कागद पोचला होता. तो वाचून पुढील हुकूम करणारे कोणी नव्हते. कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल आपल्या मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावर झाला, याचा महाराष्ट्राने अभिमान अवश्य बाळगावा, पण दप्तराची झोप एका निकालाने मोडत नाही.

अलीकडे न्यायालयांची दृष्टी पालटत आहे. २०१९ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात, शिक्षेनंतर जडलेला तीव्र मनोविकार हेही फाशी कमी करण्याचे कारण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आणि २०२२ साली, फाशीचा विचार करताना आरोपीच्या मानसिक मूल्यमापनाचा अहवाल प्राथमिक न्यायालयापुढेच आला पाहिजे, असा दंडक घातला. दंडक उत्तम, अहवाल लिहिणारा मनुष्य कोठून आणायचा, हे मात्र सरकारला ठरवावे लागेल.

माझी मागणी अवास्तव नाही. खुनाच्या व तत्सम गुन्ह्यात अटक झालेल्या ज्या आरोपीच्या वर्तनाविषयी पोलिसांना, नातलगांना किंवा दंडाधिकाऱ्याला शंका येईल, त्याची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी पहिल्याच कोठडीच्या मुदतीत व्हावी, वर्ष-दीड वर्षाने बचावाचा वकील मागेल तेव्हा नव्हे. तज्ज्ञ न्यायालयाने नेमावा, त्याची फी सरकारी तिजोरीतून जावी, आणि त्याने एका ओळीचा दाखला न देता, काय पाहिले, काय वाचले, काय कळले नाही, हे सर्व अहवालात लिहावे. निकाल न्यायाधीशांनी द्यावा, ते काम डॉक्टरांचे नव्हे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. या चारही ठिकाणी न्यायालयीन कामापुरता स्वतंत्र वॉर्ड आणि इतर रुग्णांच्या रांगेतून मोकळा केलेला निदान एक न्यायमनोविकारतज्ज्ञ, एवढी तरतूद येत्या अर्थसंकल्पात आरोग्य व गृह या दोन खात्यांनी मिळून करावी, आणि ज्यांच्या मतदारसंघातील तुरुंगांत असे कैदी तारखांची वाट पाहत आहेत त्या आमदारांनी सभागृहात तिचा पाठपुरावा करावा.